ढोल्या खेळणारच

रविवार, मे १९९९. विश्रामबाग, काकांचं घर

माझा चुलतभाऊ विकी अजून फुगून बसलाय. बसू दे.

त्याच्या मामानं मस्कतहून आणलेले दोन हातातले व्हिडिओ गेम आज आम्ही वायरनं जोडले आणि आपापले सहा-सहा राक्षस लढवले. त्याचे सगळे आग ओकणारे, धडाधड मारणारे. माझे मार खाणारे. एक जाड कवचाचा, एक विष देऊन गप्प बसणारा, आणि सगळ्यात पुढं ढोल्या. ढोल्या मार खातो, स्वतःला बरं करतो, परत उभा राहतो.

विकी म्हणाला, "ही काय लढाई हाय? नुसती बसून ऱ्हातीस. रडीचा डाव!"

रडीचा? मी तर नियमातच खेळत होते. त्याचा शेवटचा राक्षस विषानं आडवा व्हायला आला, तेव्हा यानंच खसकन वायर उपटून डाव मोडला. मग रड्या कोण?

पण डाचतंय ते वेगळंच. काकू चपात्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, एक डाव सोड की त्याला. जेवंना झालाय बघ."

तो जेवत नाही म्हणून मी हरायचं? मी हरले असते तर माझ्या जेवणाचं कुणी विचारलं असतं?

आत्ता विकी दारातून सांगून गेला, उद्या परत खेळू, पण ढोल्याला घ्यायचं नाही.

म्हणजे घाबरलाय!

उद्या ढोल्याच पहिला उतरणार. आणि मी नुसती बसून राहते ना? बसतेच. त्या वायरीवर मांडी ठोकून बसते.