पत्र्यावरचा हात

चौथ्या प्लगची वायर काढून पाहिली आणि गाडी आधीच्या तीन वेळांइतकीच अडखळली, तेव्हा तुमची आठवण झाली, अण्णा. म्हणजे चारही सिलिंडर सारखेच काम करत होते. स्कॅनरवरही काही दिसत नव्हतं. तरी सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरायची. जुनी गाडी, सिन्नरच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची. शेजारच्या सीटवर त्यांची आई बसलेली, उतरायला तयार नाही. "मोबाईल टाकती तशी गाडी बी व्हायब्रेटवर टाकली काय गं?" म्हणाली. बाई म्हणाल्या, "आई, त्यांना काम करू दे." मग मला, "मागच्या महिन्यात एकाने दुरुस्त करून दिली होती. पंधरा दिवस बरी चालली." मी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा पाहिला. त्याने उभ्या गाडीचा स्लो, म्हणजे इंजिन फिरण्याचा वेग, तेवढा वाढवला होता. इंजिन थोडं जास्त फिरलं की थरथर लपते. ही युक्ती मला चांगली माहीत आहे.

मी वायर परत बसवली आणि उजवा हात इंजिनवर ठेवला, जिथे भाजत नाही तिथे. डावा बाजूच्या पत्र्यावर. तुम्ही असेच उभे राहायचे, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. "इंजिन थरथरणारच," म्हणायचे. "त्याचं कामच ते. पत्र्याला कळता कामा नये." आज दोन्ही हातांना सारखंच कळत होतं. लाकडाचा ठोकळा मधे घालून जॅकवर इंजिनाचं वजन घेतलं आणि फाउंडेशन सोडवलं. इंजिन ज्या रबरावर बसतं तेच फाटलं होतं. लोखंडावर लोखंड टेकलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं.

तो पिंपळगावचा द्राक्षवाला आठवतो? त्याचीही गाडी अशीच थरथरायची. तुम्ही दोन्ही हात ठेवले आणि म्हणालात, फाउंडेशन गेलंय. तेव्हा तुमचा उजवा कान गेलेला, डावा जात होता. मी म्हणालो, प्लग. तुम्ही पुन्हा फाउंडेशन म्हणालात. द्राक्षवाला हसला, "आता बापाचं ऐकू का लेकाचं?" आणि मी त्याच्यासमोर, तुम्हाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "अण्णा, तुम्हाला आता इंजिन ऐकू येत नाही. तुम्ही बसा." तुम्ही कापडाला हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं पुसलं. मग बाकावर जाऊन बसलात. मी प्लग बदलले, फरक पडला नाही, तेव्हा स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. थरथर थांबली. द्राक्षवाला खुश होऊन गेला.

त्यानंतर तुम्ही कुठल्याही गाडीला हात लावला नाही. रोज यायचे, पेपर वाचायचे. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे. आई म्हणाली, वय झालं. मीही तेच म्हणत राहिलो. तुम्ही कानाने नाही, हाताने बघत होता, आणि हात शाबूत होते, हे मला तेव्हा कळलं नाही असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. तुम्ही आठ दिवस देवळ्याला ताईकडे गेलात, तेव्हा ती गाडी परत आली होती. रबराचे दोन तुकडे झाले होते. मी नवीन टाकलं, तुकडे कचऱ्यात पुरून ठेवले आणि द्राक्षवाल्याला म्हणालो, अण्णांना बोलू नका, त्यांना त्रास होतो. तुम्ही आल्यावर विचारलंत, "पिंपळगावची गाडी कशी आहे?" मी म्हणालो, "मस्त चालतेय." तुम्ही म्हणालात, "बरं झालं," आणि पेपरचं पान उलटलं. पुढचा सगळा काळ, अगदी शेवटपर्यंत, तुम्ही आपले हात चुकले असं समजून जगलात.

आज संध्याकाळी गाडी झाली का विचारायला बाईंचा फोन आला, तेव्हा फाउंडेशनचं सांगितलं. म्हणाल्या, "तुम्हाला कळलं तरी कसं?" मी म्हणालो, "इतक्या वर्षांची सवय." फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

हे एवढं काल लिहिलं. सकाळी दोघी गाडी न्यायला आल्या. मी बाईंना म्हणालो, काल फोनवर चुकीचं सांगितलं, ही रीत माझ्या वडिलांची आहे. एका गाडीच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं आणि मी त्यांना बसवून ठेवलं. बाईंच्या आईने विचारलं, "मंग त्यांला सांगितलं का नाय?"

"नाही. राहिलं."

तिने गाडीत बसून डॅशबोर्डवर हात ठेवला. "चालू हाय का बंद?"

"चालू आहे, आई," बाई म्हणाल्या. मग त्या सिन्नरकडे निघाल्या. त्या आधीच्या माणसाने वाढवलेला स्लो मी आधीच खाली आणून ठेवला होता.