मातीवाल्या मुलाबद्दल दादास

तीर्थस्वरूप दादास इंदूचा खालापूरहून वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावून देतात, की नुसती बाटली दाखवतात? (वाचताना त्या शेजारी नसाव्यात. फोनवर त्या स्पीकर लावतात, म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूस लिहितेय.) आम्ही देवाच्या कृपेनं खुशाल. तुझी लेक समीक्षाही माझ्याकडे सुखात आहे.

सोमवारी फोनवर मी म्हटलं ना, समीक्षाला साजगावचा तो नवीन नावाचा मुलगा नको, नकार कळव? तो नकार तूर्त खिशात ठेव. झालं असं, की मुलगा तासभर आधीच आला. समीक्षा ऑफिसातून यायची होती आणि मला श्रावणी सोमवारचा कडक उपास. हा परसात तोंडलीच्या वेलाजवळ उभा राहून म्हणतो कसा, "आत्याबाई, तुमच्याकडं चिकन लय हाय!" दादा, माझ्या हातातली उदबत्ती पडली. म्हटलं, "आमच्या घरात हे चालत नाही!" तर म्हणतो, "चालत नाय कसं? तुमचं घर त्याच्यावरच उभं हाय!" मी आत जाऊन कडी लावली आणि तुला फोन केला.

समीक्षा पुढच्या दारानं आली. ऐकून हसत खालीच बसली. "अगं आत्या, चिकणमाती! तो पुलांखालची माती तपासतो ना." (इथं राहून मला 'पानी' कळतं, पण उपाशीपोटी 'चिकन' कसं कळावं?)

मग कडी काढली, चहा दिला. त्यानं चाळण मागितली. रव्याची दिली, पुरणाची नाही, ती देवाच्या नैवेद्याची. कोरडी माती चाळली तर वर खडे आणि जाड रेती राहिली. खाली पडलं ते पीठ. म्हणाला, "जाड्या दान्याला आकारावरनं नाव द्यायचं, बारक्याला वागन्यावरनं. त्याला पानी घालून बघायचं." ओल्या मातीची वळी बारीक होईस्तोवर तुटली नाही तर चिकण, लवकर मोडली तर गाळाची. माझी वळी शेवईएवढी झाली, त्याची मोडली. "आत्याबाई, तुमी लॅबमधी या," म्हणाला. (उरलेली माती तुळशीला घातली. टाकायची कशाला?) मनात आलं, मी या मुलाला नुसतं चाळून मोकळी झाले, पाणी घातलंच नाही. समीक्षानं "पाणी किती घालायचं?" हे चार वेळा विचारलं. उत्तर चारही वेळा एकच होतं, तरी तिला पुरेना.

तेव्हा मुलगा पसंत आहे. देव तुम्हां दोघांना सांभाळो.

तुझी धाकटी,
इंदू

ता. क. कडी का लावली, हे नवीनला खरं सांगायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, आमचा दादा फार तापट, मुलगी घरी नसताना मुलाला आत घेऊ नको असा त्यानंच फोनवर दम भरला. बिचाऱ्याला पटलं. पुढच्या रविवारी तो आईवडिलांना घेऊन नाशकात तुझ्याकडे येतोय. तेवढं माझं खोटं निभाव.

पुन्हा ता. क. तापटपणा तुला जमायचा नाही, ठाऊक आहे. रविवारपर्यंत वहिनींकडे नीट बघून घे.