सतरा नंबरची नळी

३ फेब्रुवारी
आईला जाऊन महिना झाला. आज वळ गावातल्या लॅबमध्ये ड्युटी. आमची लॅब गोडाऊनमध्ये आहे हे ट्रकवाल्यांना अजून पटत नाही. डीप फ्रीजर आवरताना मागच्या रॅकमध्ये १७ नंबर. आईच्या रक्ताची नळी, मेमधली. अक्षर माझं. तशीच परत आत ठेवली. दिवसभर बोटं गार.

५ फेब्रु.
दिघाशीला, घरी. बाबा धड जेवत नाहीत. आईच्या कॅन्सरच्या इंजेक्शनचं परत तेच: “जुलैची सुई मी चुकवली. भाताची आवनी आटपू दे, मंग जाव बोललो. मीच घालवली गो बाय तिला.”
भात वाढला.

६ फेब्रु.
इथे तरी खरं लिहावं.
मेमध्ये गाठीच्या चाचणीसाठी आईचं रक्त मीच काढलं. आई हसत म्हणाली, “चांगला तांबडा दिसू दे माज्या लेकीच्या मशीनला.” नसीमबाजी, आमच्या सीनियर, म्हणाल्या, “अम्मीचं आधी लाव, किट वाया गेलं तर जाऊ दे.” मीच म्हटलं, घरच्या माणसासाठी किट फोडणं बरं दिसत नाही, बाकीचे नमुने येऊन प्लेट भरू दे.
प्लेट भरली ऑगस्टमध्ये. मेच्या रक्तातला रिसेप्टरचा आकडा चढलेलाच. तोवर स्कॅनमध्ये लिव्हरवर पसरलेलं दिसलंही होतं.
म्हणजे सुई चुकायच्या आधीपासून गाठीच्या पेशी आपल्यावरचे रिसेप्टर कापून रक्तात सोडत होत्या. आणि आकडा चढला की डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा, हा आमचा नियम. कसला मोठेपणा केला मी!

९ फेब्रु.
नसीमबाजींना विचारलं, मेमध्ये कळलं असतं तर?
“औषध बदललंच असतं असं नाही. बदललं असतं, तर उपयोग झालाच असता असंही नाही.” मग हळूच, “पण हे घेऊन जगू नकोस, बेटा.”
‘झालाच असता असंही नाही’. हे वाक्य जात नाही डोक्यातून. पिपेट हातात घेतलं की आई मागे उभी असते. रागावत नाही. रागावली असती तर बरं.

१३ फेब्रु.
बाबा आज शेतावर गेलेच नाहीत. आईची औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. असंच चाललं तर हेही जातील. उद्या सांगणार.

१४ फेब्रु.
दुपारी सांगितलं. पेशीवर खुंटीसारखं काहीतरी असतं. सुईतलं औषध त्याच्या वरच्या भागाला धरतं. आईच्या पेशी तो वरचा भागच कापून टाकत होत्या. आत उरलेला तुकडा पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगत राहतो, त्याला सुई धरू शकत नाही. हे जुलैच्या आधीच सुरू होतं, बाबा. मेच्या रक्तात होतं.
बाबा म्हणाले, “म्हंजे भात कापला, धसकटाला फूट. तसाच ना?”
“तसंच.”
“मंग सुई चुकली म्हनून न्हाय?”
“नाही, बाबा.” इतकं ठाम सांगण्याएवढं मला तरी कुठे माहीत आहे?
रडले. मग जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. महिन्यात पहिल्यांदा. हात धुताना सहज म्हणाले, “मेच्या रगतात व्हता, तर तवाच का न्हाय कलला?”
मी ताटं उचलत राहिले.
“मशीन बंद व्हती का गो?”
बाबा ओटीवर बसलेत. पिशवी खुंटीला टांगली. मी अजून आतच आहे.