जिथे लागलं ती जागा

६ जानेवारी
आले एकदाची इलोइलो शहरात! जीपनीच्या टपावर माझी ट्रंक, मांडीवर आईनं दिलेला सुक्या मासळीचा डबा. वासानं शेजारचे दोघे आधीच्याच थांब्यावर उतरले. खोली चर्चच्या मागे आहे, लहानशी, पण भरपूर उजेडाची. घरमालकीण टिटा नेनिंगनी, म्हणजे नेनिंगमावशींनी, पोचताच बाचोयचा, नूडल्सच्या सूपचा, वाफाळता वाडगा पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, नर्स होऊन कम्प्युटरपुढे बसणार ते छानच, हात तरी रक्तानं भरणार नाहीत. रस्त्यावर दिनाग्यांगच्या सणासाठी ढोलांची तालीम चाललीय. आता पगार येईल, आईचं डायलिसिस अडणार नाही.

९ जानेवारी
काम समजलं. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलातल्या जखमी मुलांच्या फाइली आमच्या टेबलावर येतात. काय लागलं, कसं लागलं, कुठे लागलं, प्रत्येकाला ठरलेला कोड टाकायचा. मग विमा कंपनी पुढचं बघते. 'कुठे'ची यादी वाचून मी पोट धरून हसले. घरातल्या प्रत्येक खोलीला कोड, आणि कोंबड्यांच्या खुराड्यालाही! शेजारच्या टेबलावरची मनांग एस्तेर, सगळ्यांची ताई, म्हणाली, "हस, हस, इंदाय, हस पोरी. इतकी वर्षं झाली, मला एक खुराडं आलं नाही. तुला आलं तर पार्टी तुझी."

१५ जानेवारी
ब्रिन नावाची सहा वर्षांची मुलगी. हाताला भाजलं. जागा: स्वयंपाकघर. आधी एकदा बाथरूममध्ये घसरून दात पाडलाय. धांदरट दिसतेय, अगदी आमच्या धाकट्यासारखी.

२१ जानेवारी
ब्रिन पुन्हा. जागा: जिना. हात मोडलाय, पण हाड पिळवटल्यासारखं. नर्सिंगला असताना शिकवलं होतं, नुसतं पडून हाड सहसा असं मोडत नाही. कुणी पिरगाळलं तर मोडतं. मी मागची पानं उघडली. भाजल्याची खूण हातमोज्यासारखी, मनगटाशी सरळ रेष. कुठे एक शिंतोडा नाही. गरम पाण्यात हात कुणी धरून ठेवला असेल तरच... दर वेळी डॉक्टर वेगळा. दर वेळी तेच वाक्य, आई म्हणते पडली.

सर रोनेल आमचे टीम लीडर. त्यांना दाखवलं. त्यांनी मागची पानं एकेक करून पुन्हा उघडली.
"लिहिलेलं नाही ते आपण धरायचं नाही. डॉक्टरांनी 'पडली' लिहिलंय ना? मग पडली. तू जागा टाक."
"सर, तिला कुणीतरी मारतंय."
"मला दिसत नाही असं वाटतं का तुला?"
तरी त्यांनी हॉस्पिटलला विचारणा पाठवली. मी जागा टाकली.

२४ जानेवारी
उत्तर आलं. नोंद पुरेशी आहे, जागा स्पष्ट आहे, आभारी आहोत.

२६ जानेवारी
टिटांबरोबर मिरवणूक बघायला गेले. तोंडं रंगवलेली पोरं नाचत होती. मी सगळ्यांचे हात बघत होते.

२९ जानेवारी
जागा: झोपायची खोली. बरगडी. नर्सनं शेवटी लिहिलंय, मुलगी रडली नाही. सहा वर्षांची पोर, बरगडी मोडलेली, आणि रडली नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन त्या हॉस्पिटलला फोन केला. थांबायला सांगितलं. गाणं वाजत राहिलं. मग फोन कट झाला.

३ फेब्रुवारी
वरच्या साहेबांकडून बोलावणं आलं. पेशंटची माहिती घेऊन बाहेर फोन केला, म्हणून ताकीद. पुन्हा केलं तर नोकरी जाणार. मला आईच दिसत होती. सही केली.

कँटीनमध्ये मनांग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलाही एक आला होता. मुलगा होता. मी फोनसुद्धा केला नाही." मग भात कालवत बसली. खाल्ला नाही.

५ फेब्रुवारी
भिंतीपलीकडे काहीतरी पडतंय. धप्प. जरा वेळानं पुन्हा. सण संपला, ढोल कधीच बंद झाले. टिटा म्हणतात पलीकडे कुणी राहत नाही. आवाज आला की माझी बोटं आपोआप हलतात. स्वयंपाकघर. बाथरूम. जिना—

९ फेब्रुवारी
तिची फाइल नाही. कुणीतरी तिला त्या घरातून नेलं असेल. देवा, नेलं असू दे.

१० फेब्रुवारी
आली. गॅरेज. डोक्याला. हॉस्पिटलात आणली तेव्हाच—
जागा मी टाकली. मीच.

१३ फेब्रुवारी
सर पाणी घेऊन आले. म्हणाले, तिची फाइल दुसऱ्या कुणाला देतो. आता काय द्यायचं राहिलंय—
पलीकडे आवाज नाही. ते जास्त वाईट.

१७ फेब्रुवारी
लॉकरमधून वही आणि फोन काढून मागच्या जिन्यात बसलेय. आत्ता एक फाइल आली. मुलगा. वय दोन. बाथटब. आडनाव तेच— पत्ता तोच— जिवंत आहे, अजून जिवंत आहे, आज घरी सोडणार—

हॉस्पिटलला फोन लागला. बाई बोलतेय. मी मुलाचं नाव सांगितलं. थांबा म्हणाली. थांबलेय.

आई, मला माफ कर—

वरचं दार वाजलं. कुणीतरी उतरतंय. दोघं असावेत. सरांचा आवाज— बाई, लवकर फोनवर या— तो दोन वर्षांचा आहे हो, त्याला अजून नीट सांगतासुद्धा—