नाक आपल्याकडे असलं की

प्रिय टाचणी,

खिडकीला पडदा लावलास, कळलं. तोंडाला कशाला लावलास?

आणि ओरडू नकोस म्हणू नकोस. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून तर कागद घेतलाय. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळी खूण येते आणि पुढे शुकशुकाट. काल दुकानाच्या दारात आले तर तू कात्री उचलून आत गेलीस, आणि मावशींनी मला विचारलं, काही शिवायचंय का. तुझ्या आईनं मला हे आजवर कधी विचारलं नव्हतं. आले की ‘बस’ म्हणायच्या, नाहीतर ‘आलीस का डोकं खायला.’ मी नाही म्हणाले आणि चुकून शिरलेल्या गिऱ्हाइकासारखी परत फिरले.

तुला बातम्या हव्यात का? नको असल्या तरी देते. दादाला कंपनीनं गोडाऊनला बसवलंय. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि तीन बिल्डिंगांनी कळवलं, याला पाठवू नका, आमच्याकडे बायका-मुली राहतात. आता तो दिवसभर जुन्या दोरांची वेटोळी मोजून रॅकवर ठेवतो. घरी आला की हसतो. म्हणतो, मी खालून वर नेणारा माणूस गं, वरून खाली बघणारा नव्हे, एवढं कोणाच्या लक्षात येऊ नये? मग ताटावर बसतो आणि भात नुसता चिवडत राहतो. आई त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशी बोलते, आणि ते जास्त वाईट आहे, कारण ती मला सांभाळून राहायला सांगते. दादापासून.

गल्ली तर सुटलीच आहे. लख्ख उन्हात लोक छत्र्या उघडून तुमच्या दुकानावरून जातात. तळमजल्यावरच्या आजोबांनी परवा एका घारीला काठी दाखवली आणि म्हणाले, खाली ये, मर्दासारखं समोर बोल. मी गच्चीवर होते, मला हसू आलं, आणि लगेच वाटलं की हे तुला सांगायला हवं, आणि तुला सांगायची सोयच राहिली नाही. टाचणी, नुसती अशी पंचाईत झालीय. काहीही झालं की आधी तूच आठवतेस आणि मग संताप येतो.

मला माहितीये, लोकांना माझा ड्रोन पहिल्यापासून आवडत नव्हता. आवाज मच्छरासारखा, तो काय कोणाला आवडणार. पण मी काय करू? दिवसभर कानाला हेडसेट, समोरचा ओरडतोय, आणि मी म्हणतेय, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढचा कॉल, पुन्हा दिलगीर. संध्याकाळी गच्चीवर चढायचं, ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवणारा चष्मा डोळ्यांवर चढवायचा, आणि जग एकदम गप्प. नुसती छपरं, टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. ड्रोनची एक मोटर तू धरलीस म्हणून मला तार जोडता आली होती, आठवतं? तू म्हणालीस, हे तर बटण लावण्यासारखंच आहे, आधी खालून ओवून वर काढायचं.

आणि हे सगळं झालं त्या संध्याकाळी ड्रोन तूच मागितलास. मी दिला नव्हता, तू मागितलास. म्हणालीस, आई मला एकतर समोरून दिसते नाहीतर ट्रायलच्या आरशात. बाहेरून कशी दिसते ते एकदा बघायचंय. मला ते इतकं आवडलं की मी विचारच केला नाही. आपण टाकीच्या सावलीत जमिनीवर बसलो, कारण उन्हात चष्म्यातलं धुरकट दिसतं. रिमोट तुझ्या हातात, चष्मा तुझ्या डोळ्यांवर, मी बाजूला बसून सूचना देणारी मोठी शहाणी. दुकानावरच्या ट्रायलच्या खोलीची खिडकी मावशी कायम उघडी ठेवतात हे आपल्या दोघींना पाठ होतं. दिव्याखाली कापडाचा रंग खोटा दिसतो म्हणतात त्या. त्या वेळी आत कोणी ट्रायलला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या आलं होतं का, ते मी विचारत नाहीये.

तू एकच वाक्य बोललीस. आई हसतेय, म्हणालीस. केवढी हसतेय बघ. आणि मग घाबरलीस.

पुढचं मी खूपदा मनात फिरवून पाहिलंय. मीच तुला शिकवलं होतं की नाक आपल्याकडे असलं की सगळं उलट. ड्रोन आपल्याकडे तोंड करून असेल तर डावं ते उजवं, पुढे ते मागे. पण हा नियम नुसत्या डोळ्यांनी बघताना. चष्मा घातल्यावर आपणच ड्रोनमध्ये बसलेलो असतो, तिथे उलट काही नसतं. हे मी सांगायची राहिले. आणि तुला आत काय दिसलं असणार? तो मोठा आरसा. आरशात ड्रोन, नाक तुझ्याकडे. तुला वाटलं, झालं, आता सगळं उलट. मागे घ्यायचा म्हणून तू रिमोटची दांडी पुढे ढकललीस. आरशात बघून जन्म काढलेल्या पोरीशिवाय ही चूक जगात कोणी केली नसती. तो थेट खिडकीत शिरला, पडद्याच्या रिकाम्या दांडीला अडकला, आतून किंकाळी आली, आणि मी तुझ्या हातातून रिमोट हिसकावला.

दादा तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला वर आलेला. कठड्याशी उभा राहून बघायला लागला, आवाज कसला म्हणून. खालच्यांना वर दिसला तो एवढाच. आपण दोघी टाकीमागे. पायऱ्यांवर पावलं वाजली तेव्हा तू मागच्या जिन्यानं गेलीस आणि तुझ्या डोळ्यांवरचा चष्मा मी खाली ठेवला होता तो दादानं उचलला. वर आलेल्या बँकवाल्या काकांनी विचारलं, तुझंच ना हे? त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. हो म्हणाला, माझंच. मी तोंड उघडलं तर माझा दंड धरून म्हणाला, तू खाली जा, दूध उतू जाईल. घरात दूध तापत नव्हतं, टाचणी.

तुला वाटेल तुझी ही भिंगरी गप्प का राहिली. राहिले नाही. त्याच रात्री जेवताना आईला त्याच्यासमोरच सांगितलं की उडवते मी. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भावासाठी बरी धावतेस. विश्वासच नाही. काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, मुली हे उद्योग करतात होय, आणि वर, शूटिंग कुठे ठेवलंय तेवढं दे. मी सांगितलं, हा साठवत नाही, नुसता दाखवतो, ज्याच्या डोळ्यांवर चष्मा त्यालाच. ते म्हणाले, कॅमेरा आहे आणि शूटिंग नाही, म्हणजे गॅस आहे आणि आच नाही होय?

तुझं नाव मी कुठेच घेतलं नाही. ते तुझं आहे, तूच घे.

इथपर्यंत सगळं मी ढकललं असतं, दादासाठी काकांनी बोलावलेली आजची मीटिंगसुद्धा. दादा म्हणतो, विसरतील लोक, नवीन काहीतरी मिळालं की. विसरतीलही. पण काल सकाळी सिस्टर आल्या. नाइट ड्यूटी करून, घरीसुद्धा न जाता. मावशींकडे त्या दिवशी ट्रायलला त्याच होत्या, हे तुला माझ्याआधी माहीत असणार, कारण त्यांच्या बाहीला टाचण्या तू लावून दिल्या असतील. ड्रोन आत शिरला तेव्हा एक बाही चढवलेली आणि एक नाही, अशा उभ्या होत्या त्या, असं त्यांनीच सांगितलं. काल दार मी उघडलं. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि दादाला म्हणाल्या, मला तक्रार करायची नाही, मीटिंगचं तुमचं तुम्ही बघा. फक्त सांगा, तुम्हाला काय काय दिसलं.

दादा म्हणाला, सिस्टर, शपथेवर सांगतो, मी काही पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, उडवणारा न बघता उडवतो का?

उडवलं म्हणाला तर पाहिलं, पाहिलं नाही म्हणाला तर खोटारडा. त्या म्हणाल्या, वॉर्डात कोणी मोबाइल वर धरला की माझे हात थांबतात. सलाइन लावताना थांबतात. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल. एवढंच. अर्ध्यावर जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आज कामावर गेलेच नाही, तो हेडसेट आता कानाला लावायची हिंमतच होत नाहीये.

आता मी आज खाली मीटिंगला जाऊन पुन्हा, सगळ्यांसमोर, उडवणारी मीच असं म्हणणार आहे. ड्रोन आणून दाखवेन, दादाला त्याचं पुढचं मागचं ओळखायला सांगेन, त्याला येणार नाही, त्यांना पटेल. दादा सुटेल. पण सिस्टर मला तोच प्रश्न विचारतील, काय दिसलं. आणि मला काय माहीत? मी चष्म्याबाहेर होते. मी काहीतरी रचून सांगितलं तर त्यांना कळेल, त्या रोज खोटं बोलणारे पेशंट बघतात. त्यांना मोकळं करू शकेल असं या गल्लीत एकच माणूस आहे, आणि तेच सिस्टरच्या खांद्याचं माप घेतं. त्यांना पाहिलं ते तूच, टाचणी. एरवीही बघतेसच, तोंडात टाचण्या धरून, हात वर करा सिस्टर म्हणत. दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. एवढं एक वाक्य त्यांना मिळालं तर त्यांचे हात चालू होतील. आणि मावशींना सांग की त्या हसत होत्या. खिडकी बंद करून बसल्यात आणि निळ्या कापडावर काळा दोरा घालतायत, काल मी पाहिलं.

तू घाबरतेस ते मला कळतं. मावशी म्हणतील, घरचीच पोर माझ्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून. तुला वाटतंय बोलणं म्हणजे पुढे जाऊन आदळणं. पण आता चष्मा नाहीये, आता नुसत्या डोळ्यांनी बघायचंय. नाक तुझ्याकडे आहे. तुला जे पुढे जाणं वाटतंय तेच मागे येणं आहे.

म्हणून लिहिलं. मी तिथे माझ्यापुरतं सांगेन, आणि सिस्टरनी विचारलं की थांबेन. तुझ्याकडे बोट करणार नाही, बघणारसुद्धा नाही. नुसती थांबेन, जितका वेळ लागेल तितका. खाली खुर्च्या ओढल्याचा आवाज येतोय, काकांनी घसाही खाकरला. हे तुमच्या दाराखालून सरकवते, दोनदा टकटक करते आणि जाते. दार उघडशील तोवर मी जिन्यात असेन.

तुझीच,
भिंगरी