न केलेली तार

मी, आकाराम नाथाजी साळुंखे, वय बेचाळीस, मूळ राहणार मौजे बोरगाव, तालुका वाळवा, हल्ली मुक्काम विश्रामबाग, सांगली, धंदा तालीम मास्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटात गाठ आहे, पायांना सूज आहे, डोके मात्र जागेवर आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी बघाल. दिवाळी बघितली, तुळशीचे लग्नही बघितले, आता जास्त हाव बरी नव्हे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि मी नशापाणी करीत नाही, हे सारी सांगली जाणते. चिंतामणराव लिमये वकील शेजारी बसले आहेत. ते म्हणतात, मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, रागलोभ लिहू नये. माझी मालमत्ता एवढीशी आहे की रागलोभ गाळला तर कागद कोराच राहील, असे मी त्यांना सांगितले. ते हसले.

कलम १. बोरगावची माझ्या वाटणीची जमीन, त्यातला उभा ऊस आणि घरातील दोन खोल्या माझी एकुलती एक मुलगी शालू, वय सव्वातीन, हिला द्याव्यात. ही वाटणी मी तीन वर्षांपूर्वी हट्टाने मागून घेतली. थोरले बंधू लालासाहेब, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. उलट विहिरीकडचा चांगला तुकडा माझ्याकडे टाकला. त्याचाही मला रागच आला होता.

कलम २. मी मेल्यावर माझ्या देहाला लालासाहेब यांनी अग्नी देऊ नये. मला मुलगा नाही, तेव्हा रीतीप्रमाणे हे काम भावाकडे जाते, हे मला ठाऊक आहे. अग्नी माझ्या तालमीतला शिष्य गुंडा याने द्यावा. कारण पुढे येईल.

कलम ३. मालिशच्या तेलाची माझी कढई आणि सर्व बाटल्या गुंडाला द्याव्यात. तेल कसे कढवायचे ते त्याला येते, फक्त तो ओवा जास्त करपवतो. या तेलाने मला सातासमुद्रापलीकडे नेले, म्हणून थोडे सांगतो.

१९४६ साली आपली टीम विलायतेला कसोटी सामने खेळायला जायची होती. त्याआधीच्या हिवाळ्यात कोल्हापुरात एका सामन्यात एका गोलंदाजाचा खांदा धरला. कोणीतरी मला बोलावले. पैलवानाचा खांदा काय आणि गोलंदाजाचा काय, दुखायचे ठिकाण एकच. दुसऱ्या दिवशी तो हात फिरवू लागला आणि महिनाभरात मला निरोप आला, टीमबरोबर मालिश करायला येता का. त्या गोलंदाजाचे नाव लिहीत नाही. मोठा माणूस आहे, आणि त्याने माझे भलेच केले.

तेव्हा माझी पत्नी बनुबाई हिला दिवस गेलेले होते. लग्नाला बारा वर्षे होऊन पहिलीच खेप. मी जाणार नाही म्हणालो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं जावा की. बाळंतपन काय तुमी करनार हाय?" सगळे हसले, मीही हसलो. टीम पुढे गेली आणि मी सामानाबरोबर बोटीने गेलो.

कलम ४. माझे तांब्याचे तपेले शेजारी जोतिबा याने गेल्या शिमग्याला नेले, ते अजून परत आलेले नाही. जोतिबा या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळता कामा नये. म्हणून तपेले मी त्याला माफ करू शकत नाही. त्याने ते आणून द्यावे.

कलम ५. तालमीत मारुतीच्या डाव्या बाजूला एक फोटो लावलेला आहे. तो माझ्या मरणानंतर लगेच उतरवावा. जाळू नये, त्यात मोठी माणसे आहेत. एखाद्या शाळेला द्यावा.

तो फोटो मँचेस्टरचा आहे. त्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणवत नव्हते, रोज पाऊस आणि बोचरी थंडी. मुले कुडकुडत मैदानातून यायची आणि मी कढत तेल घेऊन बसलेलो असायचो. पहिला सामना आपण हरलो होतो. दुसराही जाणार असे दिसत होते. शेवटची जोडी मैदानात उरली होती, आणि ती उभी राहिली. एकेक चेंडू टाकला जात होता आणि माझे हात तेलात तसेच राहिले. सामना वाचला, तेव्हा जिंकल्यासारखा मी उड्या मारीत बाहेर धावलो. त्याच वेळी कोणीतरी फोटो काढला. कडेला टोपी उंच धरून, तोंड वासून हसणारा जो माणूस आहे, तो मी.

त्याच दिवशी दिवेलागणीला बोरगावात माझी बनू गेली. बाळंत होऊन पाचवा दिवस होता, ताप उतरला नाही. वकिलांनी दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ घालून पाहिला आहे. मी हसत होतो तेव्हा इकडे कृष्णाकाठी तिची चिता पेटलेली होती. तालमीत येणारा प्रत्येक पाहुणा त्या फोटोपुढे उभा राहून म्हणतो, मास्तर, काय दिवस असेल हो तो. मी व्हय म्हणतो.

कलम ६. माझ्या पेटीत निळी लोकरी शाल आहे. घडी मोडलेली नाही. ती रंगूबाई वहिनीला द्यावी.

ही शाल मी बनूसाठी घेतली. ऑगस्टात लालासाहेबांचे, बनूला ताप येण्याआधी टाकलेले, पत्र आले, मुलगी झाली, घरी सर्व क्षेम आहे. मी टीममध्ये सगळ्यांना बिस्किटे वाटली. ज्याने त्याने माझी पाठ थोपटली. त्या आठवड्यात एका दुकानात जाऊन शाल घेतली. दुकानदारणीला खुणेनेच सांगितले की बायको गोरी आहे, निळा रंग दाखव. बनूला जाऊन तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

ऑक्टोबरात मुंबईला बोटीतून उतरलो. लालासाहेब, माझा दादा, गोदीवर आला होता. पहिल्या महायुद्धापासून त्याच्या मिशीला कात्री लागली नव्हती. गावात लहान पोरे तिला भीत असत. ती मिशी नव्हती. ओठावर नुकते वाढलेले आखूड केस होते, आणि फेट्याखाली डोकेही तसेच. आमच्याकडे जो अग्नी देतो तो डोके आणि मिशी उतरवतो. आईवडील त्या महायुद्धाआधीच गेलेले. घरात दुसरे होते कोण? एक वहिनी आणि एक बनू.

वकीलसाहेब हे लिहू नका म्हणत आहेत. लिहितो. त्या गर्दीत, पेटी खाली ठेवता ठेवता, मी मनात म्हणालो, देवा, वहिनी गेलेली असू दे. ज्या बाईने माझ्या लेकीला पाच दिवसांची असल्यापासून वाढवले, रात्ररात्र जागून शेळीचे दूध पाजले, तिचे मरण मी मागितले. वहिनीला वाचता येत नाही. हे तिला कोणीतरी वाचून दाखवावे, आणि मग शाल द्यावी. तिने मला क्षमा करावी.

कलम ७. दादाने मला तार केली नाही. कलम दोनचे कारण हेच.

गावी पोचल्यावर लोक म्हणाले, क्रिया सगळी झाली आहे, तू एक अंघोळ कर म्हणजे मोकळा झालास. मी ऐकले नाही. दहा दिवस वेगळा बसलो. दहाव्या दिवशी नदीवर दादाला विचारले की तार का केली नाहीस. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तितं तुला धराय कोन हुतं रं?"

एवढेच. मला ती पळवाट वाटली. तीन महिने मी बनूशी मनात बोलत होतो, तिच्यासाठी रंग निवडत होतो, आणि सगळ्या गावाला ठाऊक होते की ती नाही. वेडा ठरलो तो मी. त्या दिवसापासून दादाशी बोलणे सोडले. वाटणी मागितली, सांगलीत खोली घेतली. शालूला बघायला जात असे. जे काही सांगायचे ते वहिनीला सांगत असे, आणि दादा तिथेच बसून ऐकत असे. शालू त्याला आबा म्हणते आणि मला सांगलीचे बाबा.

दसऱ्यापासून दादा इथे आहे. शेत गड्यांवर सोडून आला आहे. मी आत बोलावले नाही, म्हणून व्हरांड्यात राहतो. अजूनही त्याने...

इथपर्यंतचा मजकूर काल लिहिला. वाक्य अर्धे राहिले कारण पोटात कळ आली. वकील कोर्टात गेले होते. मी खाटेवरून खाली पडलो. हाक मारली नव्हती. दादा आला, मागून काखेत हात घालून मला उचलले आणि कळ जाईपर्यंत छातीशी आवळून धरून बसला. मग खाटेवर निजवले आणि माझीच बाटली घेऊन पाय चोळू लागला. त्याला मालिश येत नाही. बंदूक पुसल्यासारखे चोळत होता.

तीन वर्षांनी मी पहिले वाक्य बोललो. म्हटले, "दादा, वरनं खाली न्हाई. तळव्याकडनं वर."

तो म्हणाला, "बरं." आणि तसे करू लागला.

मग मी रडलो. विलायतेत रडायचे राहिले होते तेवढे सगळे. दादाने पाय सोडले नाहीत. तिकडे मी टीमच्या सामानाच्या खोलीत झोपत असे. तिथे तार आली असती तर बॅटींच्या पेटीला मिठी मारून बसलो असतो, हे खरे आहे. तरीही तार करायला हवी होती. दादा चुकला, हे मी आजही म्हणतो, आणि काल त्यालाही म्हणालो. तो म्हणाला, "व्हय, चुकलो." मला हवे होते ते एवढेच होते की काय, कळत नाही. पण राग शोधला तर आता सापडत नाही.

कलम ८. कलम दोन रद्द. अग्नी दादाने द्यावा. गुंडाने वाईट वाटून घेऊ नये, खांदा त्याने द्यावा.

कलम ९. शालू दादा-वहिनीकडेच राहावी. ती वहिनीला आई म्हणते, म्हणू द्यावे. पण बनूची गोष्ट तिला कळती झाल्यावर सांगावी, आणि बनू बाळंतपणाबद्दल काय म्हणाली होती तेही सांगावे, म्हणजे आई कशी होती ते तिला समजेल.

दादाने माझ्यासाठी डोके उतरवावे, मिशी उतरवू नये. रीत मोडली म्हणून कोणी बोलले तर हे कलम दाखवावे. माझ्या लेकीला बापाचे मरण कोणाच्या उघड्या ओठावरून कळू नये. ते तिला तोंडाने सांगावे. लहान आहे, तिला काय समजणार, असे म्हणू नये. मी जाईन त्याच दिवशी सांगावे, आणि सांगताना तिला धरून बसावे. तिला धरायला माणूस आहे.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, पुन्हा वाचून पाहिले, आणि खाली सही केली.

मुक्काम विश्रामबाग, सांगली, जिल्हा दक्षिण सातारा.
तारीख १० नोव्हेंबर १९४९.

सही: आकाराम नाथाजी साळुंखे

साक्षीदार:
१. चिंतामण हरी लिमये, वकील. लिहून देणाराने आमच्यासमक्ष सही केली.
२. जोतिबा सखाराम माने. तपेले आणून दिले आहे.

वकीलसाहेब म्हणाले माझी सही लागत नाही, तरी करतो. कलम नऊ वाचले. त्याच दिवशी सांगीन.
लालासाहेब नाथाजी साळुंखे, हवालदार, निवृत्त