जोहान्सबर्गचं एकमेव गिऱ्हाईक

रॅली, नॉर्थ कॅरोलायना
११ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. एकनाथकाकांस,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

पेपरात वाचलंच असेल. अध्यक्षांचा नकार झुगारून इथल्या संसदेनं दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घातले! आमच्या कॅम्पसवर पोरं नाचत होती. तुमची पुतणीही नाचली.

आणखी एक बातमी. कॅरी गावाच्या पलीकडे, इथून अर्ध्या तासावर, सूतगिरण्यांच्या जुन्या यंत्रांची दातेरी चाकं बनवणारा कारखाना आहे. त्याचा माल जोहान्सबर्गला जातो म्हणून आम्ही पाच आठवडे फाटकावर उभे राहिलो. अखेर त्यांनी तो व्यवहार बंद केला. चाकांच्या त्या जुन्या मॉडेलला तेवढं एकच गिऱ्हाईक होतं, त्यामुळे ते मॉडेलच बंद. वीस डिसेंबरला ती चाकं ओतायचे लोखंडी फर्मेही मोडीत काढणार. अन्याय दिसला की गप्प बसू नकोस, असं तुम्हीच शिकवलंत ना?

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.

आपली,
सुमेधा


बुलावायो, झिम्बाब्वे
२ नोव्हेंबर १९८६

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू कारखान्याच्या फाटकावर उभी राहिलीस म्हणजे कमालच! शाबास. इकडे सर्व क्षेम. आमची सूतगिरणी चालू आहे, माझी तब्येत ठणठणीत, आणि तुझी काकू रोज मला फिरायला पिटाळते.

फर्मे मोडायची एवढी घाई का, असं मात्र वाटून गेलं. लोखंडात जन्म गेला, म्हणून हळहळ वाटते इतकंच. तू अभ्यास सांभाळ. थंडीत डोक्याला बांधत जा.

आमचे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझा,
एकनाथकाका


बुलावायो
८ फेब्रुवारी १९८७

चि. सुमेधास,
शोभाकाकूचे आशीर्वाद.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. काही क्षेम नाही गं. ते जोहान्सबर्गचं गिऱ्हाईक म्हणजे नुसता दलाल; कारखान्याचा पत्ता त्यानं कधी सांगितला नाही. ती चाकं आमच्याच गिरणीत यायची.

हा देश स्वतंत्र होऊन सात वर्षंही झाली नाहीत. समुद्राकडची धड वाट दक्षिण आफ्रिकेतूनच. मोझांबिकमधून जाणारा लोहमार्ग तिथले बंडखोर सारखा उडवतात. निर्बंध लागणार, आणि त्यांना इथल्या सरकारचाही पाठिंबा, म्हटल्यावर दक्षिणवाल्यांनी चिडून आमचे ट्रक सीमेवर रखडवले. त्यात चाकं संपली. यांनी इंग्लंडला तारा केल्या. उत्तर आलं की ही चाकं आता फक्त नॉर्थ कॅरोलायनात होतात. ते वाचून हे नुसते हसले.

गिरणीतली निम्मी यंत्रं बंद आहेत. एकशे साठ माणसं घरी बसली, आणि यंत्रविभाग यांच्याकडे म्हणून त्यांची नावं फाटकावर यांनाच वाचायला लावली. मोयो नावाचे म्हातारे फिटर त्यांतलेच. ते यांना म्हणाले, निर्बंध हवेतच. काढताना दुखतं म्हणून किडका दात ठेवायचा नसतो. हे घरी येऊन जेवले नाहीत. यांचाही करार मार्चमध्ये संपतोय.

तुला एक ओळ लिहा, फर्मे मोडायच्या आत चाकं तरी मिळतील, असं मी नोव्हेंबरात पाय धरून सांगितलं. पण एकटी पोर परदेशात, तिच्या आनंदात माती कशाला कालवायची, म्हणाले. आता मला राहवेना.

तुझी,
काकू


रॅली
२३ फेब्रुवारी १९८७

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूंचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका.

आज त्या कारखान्यात गेले. फोरमननं ओळखलं, तरी बसायला खुर्ची दिली. फर्मे ठरल्या दिवशीच भट्टीत गेले. झिम्बाब्वेला थेट माल पाठवला असता का, असं विचारलं. तो म्हणाला, आनंदानं, विमानानंसुद्धा. कोणी मागितलाच नाही.

तुमचं पत्र मला चौदा नोव्हेंबरला मिळालं होतं. पुढे पाच आठवडे ते फर्मे इथेच होते. मी अर्ध्या तासावर होते काका, आणि झुरळाचं वाचून हसत होते.

त्या फाटकावर मी उद्याही उभी राहीन. पण माल शेवटी कुठे जातो, हे मी एकदाही विचारलं नाही, ही माझी चूक. तुमची तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझी काळजी वाचवलीत आणि ती एकशे साठ घरांत गेली. मला तुमचा फार राग आलाय, आणि तुम्हाला एकट्यानं ती नावं वाचावी लागली म्हणून रडूही येतंय.

मोयोंचा पत्ता पाठवा. त्यांना काय लिहायचं ते सुचत नाही, पण लिहायला हवं.

लोभ असावा; आणि माझा राग आला असेल, तर तोही स्पष्ट कळवावा.

आपली,
सुमेधा